आपल्यातलीच एक बैठक मोडते तेव्हा

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



बाहेरच्यांशी भांडायला आपण शिकलो. दारूचा गुत्ता असो की तलाठी कचेरी, आपण मिळून जातो. पण आपल्याच गटातली एखादी दुसरीला बोलू देत नाही, हिशेबाची वही स्वतःकडेच ठेवते, ‘माझ्यामुळे गट चालतो’ म्हणते, तेव्हा आपण गप्प बसतो. कारण ती कामाची असते. बँकेत तीच जाते, साहेबांशी तीच बोलते. ती राहते, आणि मागे बसणाऱ्या दोघीतिघी ‘कपाशी वेचायची आहे’ म्हणत यायच्या थांबतात. त्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

हे सगळीकडे घडतं. लिनक्स ही संगणकप्रणाली जगभरची माणसं मिळून, खुलेपणानं लिहितात. तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स सहकाऱ्यांना फार लागेल असं बोलत. माणूस हुशार म्हणून ते वर्षानुवर्षं खपलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच वेळी तिथं वागणुकीचे नवे लेखी नियम आले.

आपल्या खानदेशातला धडा याहून जुना आहे. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तिथं १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्या लढ्यातल्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. बायकोला मारणारे पुरुष परके नव्हते, आपल्याच वस्तीतले होते. तरी ‘घरातला प्रश्न’ म्हणून बायांनी सोडलं नाही. मिळून गेल्या, जाब विचारला, चारचौघांत बायकोची माफी मागायला लावली.

मारहाणीला चारचौघांतच जाब हवा. बैठकीतल्या त्रासाची रीत वेगळी. नियम भांडणाआधी ठरवा: एका वेळी एकीनंच बोलायचं, वही सगळ्यांसमोर वाचायची, बँकेत पाळीपाळीनं जायचं. कुणी मोडले तर आधी दोघींनी तिच्या घरी जावं. ‘तू अशीच आहेस’ म्हणू नये; ‘मागच्या बैठकीत तू हिला तीनदा तोडलंस’ म्हणावं. फरक पडला नाही तर बैठकीत ठराव करून मुदत द्या, तोवर वही दुसरीकडे सोपवा. तरीही नाहीच, तर तिच्या बचतीचा आणि कर्जाचा चोख हिशेब करून तिला मोकळं करा. पैसे अडवून सूड उगवू नका.

एक मात्र सांभाळा. हिशेब मागणारी, ‘आमच्या वस्तीत बैठक का होत नाही?’ असं विचारणारी दलित किंवा भिल्ल बाई बैठक मोडत नसते. तिचा आवाज चढला तरी तिचा प्रश्न आधी ऐका. हे नियम तिला गप्प करायला वापरले, तर वरचढ बाईचंच राज्य आपण लेखी करून दिलं असं होईल.

पुढच्या बैठकीआधी एवढं करा. जी यायची थांबली आहे, तिच्या घरी जा आणि का ते विचारा.