खोडलेला ठराव



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानायचे, मग मराठीच्या भवितव्याची चिंता करायची आणि शासनाकडे एखादी मागणी करून खाली बसायचं, असा रिवाज आहे. आभार मानले. चिंता तुम्ही रोजच करता. तेव्हा मी थेट मागणीवर येतो, कारण हा माईक पुन्हा माझ्या हाती लागू नये याची तजवीज काही मंडळींनी आत्ताच करून ठेवली असेल.

माझा ठराव तुम्हाला पाठ आहे. बंद पडलेल्या गिरण्या-कारखान्यांच्या सगळ्याच इमारती पाडू नका. काही राखा आणि तिथे चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले, लेखक यांना काम करायला कायमची जागा द्या. बस्स, एवढंच. हा ठराव संमेलनाच्या विषय नियामक समितीत जातो आणि ‘साहित्यबाह्य’ असा शेरा घेऊन परत येतो. प्रतिनिधींच्या निवासात अंघोळीला गरम पाणी मिळावं, हा ठराव मात्र एकमताने मंजूर झालेला मी पाहिलाय. गरम पाणी साहित्यात बसतं. गिरणी बसत नाही.

का बसत नाही? १९९५ साली परभणीला आपण नारायण सुर्व्यांना अखिल भारतीय संमेलनाचं अध्यक्ष केलं. गिरणगावाने वाढवलेला कवी म्हणून हार घातले, भाषणं ठोकली. जयंत पवारांचं गिरणगावावरचं नाटक ‘अधांतर’ पाहून डोळे पुसले. आणि त्याच वर्षांत तिकडे धुराडी पडत होती तेव्हा आपण काय केलं? शोकसभा घेतल्या. कवी हवा, त्याची गिरणी नको, ही आपली वाङ्मयीन भूमिका! १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: शहराला, घरांना, मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि बांधकामाखालची जमीन वाटणीतून निसटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. या सगळ्या काळात कुठल्या साहित्य संस्थेने गिरण्यांच्या दाराशी धरणं धरलं, ते सांगा. मी वाट पाहतो.

माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. एरवी कानठळ्या बसवणारे साचे झेंडूच्या माळा घालून गप्प उभे असायचे. मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं ते छप्पर. करवतीच्या दातांसारखं, आणि प्रत्येक दाताच्या उत्तरेकडच्या अंगाला काचा. वडील म्हणाले, तुटलेला धागा दिसायला हवा, म्हणून. उत्तरेचा उजेड डोळ्यावर येत नाही, ठळक सावली टाकत नाही, दिवसभर जवळपास सारखा राहतो. पुढे कॉलेजात एक चित्रकार मित्र भेटला. भाड्याची खोली शोधताना तो एकच विचारायचा, उत्तरेला खिडकी आहे का? घरमालकाला वाटायचं, पोरगं वास्तुशास्त्र बघतंय! विणकराला आणि चित्रकाराला एकच उजेड लागतो. तो फुकट देणारी छपरं आपण पाडली, आणि आता कलादालनं बांधतो ती बिनखिडकीची, वातानुकूलित, फीत कापण्यापुरती.

गिरणी कामगारांच्या संपानंतर आम्ही परळ सोडून भाईंदरला आलो. तो संप, १८ जानेवारी १९८२चा, रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. आमचं घर मात्र हललं ते हललंच.

बंद पडलेली इमारत राखता येते. लंडनचं बँकसाइड वीज केंद्र बंद पडलं १९८१ साली, आमच्या संपाच्या आदल्या वर्षी. तेही पाडा म्हणणारे होतेच. २००० साली तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय उघडलं. लंडन लांब वाटत असेल तर कोचीला चला. अ‍ॅस्पिनवॉल हाउस ही व्यापाऱ्यांची जुनी पेढी-गोदामं, तिथे २०१२ साली कलेची बिनाले भरली. ती उभी करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू, दोघंही आपल्या जे. जे. कला महाविद्यालयातून शिकून गेलेले. मुंबईने त्यांना घडवलं आणि केरळने त्यांना गोदाम दिलं. आपल्याकडे २०१७ साली ससून डॉकच्या गोदामात चित्रं लागली, मासळीच्या वासातही माणसं गेली, आणि काही आठवड्यांत मांडव उठला. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारात ‘जी-फाइव्ह-ए’वाल्यांनी रंगमंच उभा केलाय, त्यांना माझा नमस्कार. पण एका संस्थेच्या जिवावर शहराने किती दिवस हात झटकायचे?

आमचे काही विद्वान म्हणतात, समकालीन कला हे कुलाब्याच्या इंग्रजी बोलणाऱ्यांचं खूळ, कामगाराला त्याचं काय? हे विद्वान फिनिक्सच्या मॉलमध्ये, राखलेल्या धुराड्याच्या सावलीत कॉफी पितात, तेव्हा त्यांना कामगार आठवत नाही. नागावचे प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कापडाचं काम करत होते आणि त्याच हाताने चित्रं काढत होते. ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. वाचलंय का, एवढंच विचारा त्या विद्वानांना. आपल्या ठाण्यात सुधीर पटवर्धन दिवसा क्ष-किरणांच्या फिल्मा बघायचे आणि कॅनव्हासवर कामगार, लोकल, बदलतं लोअर परळ रंगवायचे. कामगाराला कला कळत नाही म्हणणाऱ्याने ती चित्रं एकदा समोर उभं राहून पाहावीत.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय होणार, हे ऐकता ऐकता अख्खी पिढी पेन्शनीत गेली. आणि पहिल्या टप्प्यात काय? तळं आणि कारंजं!

कुणी विचारेल, धारावी बेटावरच्या तारोडीत हे कशाला? इथे ना गिरणी होती ना भोंगा. इथे शेती होती, मासळी होती, पलीकडे भाईंदरला मिठागरं. बरोबर. पण शहराला नको झालेलं सगळं याच वाटेने येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर. मेट्रोची कारशेड राई-मुर्ध्यातून हलवायची ठरली ती डोंगरीच्या माथ्यावर, झाडांच्या मुळावर. आमच्यासारखी गिरणीतून उठलेली कुटुंबं भाईंदरला. चित्र तेवढं कधी आलं नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. जे शटर उद्या कायमचं खाली येईल, त्याच्या जागी टॉवरच उगवला पाहिजे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? एक गाळा महापालिकेने घ्यावा. छप्पर राखावं. उत्तनच्या कोळणीच्या आणि तारोडीच्या शेतकऱ्याच्या पोरांना तिथे रंग, माती आणि यंत्रं मिळावीत. उद्घाटनाला मंत्री नसला तरी चालेल, किल्ली मात्र कलाकारांच्या हाती असावी.

आज संध्याकाळी विषय नियामक समिती बसतेय. ठराव मी पुन्हा दिलाय, शब्दही बदललेला नाही. प्रतिनिधींना माझी विनंती आहे: जेवणाच्या रांगेत लागण्याआधी त्या खोलीत या आणि हात वर करा. आणि ज्यांना तो याही वेळी खोडायचा असेल, त्यांनी ‘साहित्यबाह्य’च्या खाली या खेपेला आपलं पूर्ण नाव लिहून सही करावी.