टायटॅनिकचे चार स्तंभ

आज कागद-पेन जवळ ठेवा. बोलणार मी आहे, पण आकृत्या तुम्हाला काढायच्या आहेत.

सुरुवात पिनकोडपासून करू. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा. मुंबईच्या जीपीओचा पिन ४००००१, पुण्याचा ४११००१. आता या दोघांची सरासरी काढा. ४०५५०१ येते, गणित बरोबर आहे. पण म्हणून हा आकडा मुंबई-पुण्याच्या मधोमध, लोणावळ्याला वगैरे जाऊन बसतो का? अजिबात नाही. लोणावळ्याचा पिन आहे ४१०४०१. पिनकोड हा आकडा दिसतो, पण ते गावाचं नाव आहे. हजेरी क्रमांक, मोबाइल नंबर, बस नंबर, सगळे याच जातीचे.

तर माहितीचे मुख्य प्रकार दोन. जिथे बेरीज-वजाबाकीला अर्थ असतो ती संख्यात्मक माहिती: वय, उंची, पगार. जिथे प्रत्येकाला फक्त एखाद्या गटात टाकता येतं ती गुणात्मक, म्हणजेच कॅटेगॉरिकल: रक्तगट, मातृभाषा, पिनकोड. या दुसऱ्या प्रकारात काही गटांना क्रम असतो, काहींना नसतो. रक्तगटाला नसतो. रेल्वेच्या डब्यांच्या वर्गाला असतो. व्याख्या पाठ करू नका, प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: याची सरासरी काढली तर ती कशाची असेल?

आता खरं उदाहरण घेऊ. टायटॅनिक, १५ एप्रिल १९१२. आर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात या जहाजावरच्या २२०१ जणांची माहिती आधीच भरलेली येते. (इतर याद्यांत एकूण आकडा थोडा इकडेतिकडे होतो, आपण हाच धरू.) प्रत्येकाबद्दल चार गोष्टी: वर्ग, स्त्री की पुरुष, मूल की प्रौढ, वाचले की नाही. चारही गुणात्मक. वय खरं तर संख्या, पण इथे ते 'मूल' आणि 'प्रौढ' अशा दोन खणांत टाकलंय. एकदा असं टाकलं की त्यातून पुन्हा कोणाचं नेमकं वय काढता येत नाही. आणि वर्गाला क्रम आहे, पहिला-दुसरा-तिसरा, पण चौथा गट आहे जहाजावरचे कर्मचारी. ते या क्रमात कुठे बसवणार? कुठेच नाही. म्हणून आलेखात त्यांना सगळ्यात शेवटी, थोडं अंतर सोडून ठेवायचं. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते अनेकदा अक्षरानुक्रमे लावून मोकळं होतं, ते तसंच ठेवू नका.

घ्या कागद. वाचलेल्यांचा स्तंभालेख काढा. पहिला वर्ग २०३, दुसरा ११८, तिसरा १७८, कर्मचारी २१२. सगळ्यात उंच स्तंभ कर्मचाऱ्यांचा! हा आलेख बघून कोणीही म्हणेल की स्वतःचाच जीव वाचवला यांनी. वृत्तालेख काढलात तरी तेच, कर्मचाऱ्यांचा वाटा सुमारे ३० टक्के, सगळ्यात मोठा. आलेखात खोटं काहीच नाही. फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय. वाचलेल्यांमध्ये कोण किती, हा एक प्रश्न. कोणत्या गटातले किती टक्के वाचले, हा दुसरा. आपल्याला जीवन-मरणाबद्दल बोलायचंय, म्हणजे दुसरा हवा.

त्यासाठी मूळ संख्या लागतात: पहिल्या वर्गात ३२५, दुसऱ्यात २८५, तिसऱ्यात ७०६, कर्मचारी ८८५. आता शाळेत शिकलेला शतमान स्तंभालेख आठवा. चारही स्तंभ सारख्याच उंचीचे, शंभराचे, आणि आत वाचलेल्यांचा भाग रंगवायचा. पहिला वर्ग ६२ टक्के, दुसरा ४१, तिसरा २५, कर्मचारी २४. सगळ्यात उंच असलेला स्तंभ आता सगळ्यात कमी रंगलाय. आकडे तेच, कागद तोच.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण थांबू नये. तिसरा वर्ग २५, कर्मचारी २४, म्हणजे दोघांची गत जवळपास सारखीच, असं वाटतं ना? आता स्त्री-पुरुष वेगळे करा. तिसऱ्या वर्गातल्या ५१० पुरुषांपैकी ८८ वाचले, १७ टक्के. कर्मचाऱ्यांतल्या ८६२ पुरुषांपैकी १९२, म्हणजे २२ टक्के. स्त्रिया? तिसऱ्या वर्गात १९६ पैकी ९०, ४६ टक्के. कर्मचाऱ्यांत २३ पैकी २०, ८७ टक्के. म्हणजे पुरुषांत कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे, आणि एकत्र केलं की तिसरा वर्ग पुढे! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बेरजा तीनदा तपासल्या होत्या.

गोम अशी की बोटींत बायका-मुलांना आधी जागा दिली गेली. तिसऱ्या वर्गात चारात एकाहून जास्त स्त्रिया होत्या, कर्मचाऱ्यांत जवळजवळ नव्हत्याच. त्या १९६ स्त्रियांमुळे तिसऱ्या वर्गाचा एकूण आकडा वर चढला आणि तिथल्या पुरुषांचं काय झालं ते झाकलं गेलं. कर्मचाऱ्यांचं म्हणाल, तर बोटी वल्हवायला आणि सांभाळायला काही खलाशी लागणारच होते. लाइफबोटी होत्या २०, जागा ११७८ जणांची. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. नाव जड आहे, आत एवढंच आहे.

पुढच्या वेळेसाठी दोन स्तंभ काढून ठेवा, दोन्ही शंभराच्या उंचीचे. एक पहिल्या वर्गातल्या स्त्रियांचा: १४५ पैकी १४१ वाचल्या. शेजारी तिसऱ्या वर्गातल्या: १९६ पैकी ९०. पुढचा भाग आपण त्या दोन स्तंभांपासूनच सुरू करू.