गाडीतला पिवळा दिवा



माझ्या पुतण्याकडे पेट्रोलवर चालणारी एक छोटी व्हॅन आहे. सकाळी तो बाजाराला भाजी नेतो. रात्री-अपरात्री कुणी बाळंतीण अडली, तर तीच गाडी दवाखान्यात जाते. भातकापणीच्या दिवसांत एके सकाळी गाडीत चालकापुढे पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या चित्राचा. गाडी सपाटीवर कशीबशी चाले. चढ आला की थकल्या बैलासारखी थांबे. पाय कितीही दाबा, जोर येईना.

तालुक्याच्या गॅरेजात यंत्र जोडून पाहिले. यंत्रावर उमटले, 'पी ०१२२'. मिस्त्री म्हणाला, "थ्रॉटलचा सेन्सर गेला. सगळा भागच बदलावा लागेल. अकरा हजार."

सूनबाईने कानातली काढून पुढे ठेवली. पुतण्या माझ्याकडे आला. म्हणाला, "तात्या, तुम्हीच सांगा, काय करू?"

मी जन्मभर खडू हाती धरला. मोटारीतले मला काय कळणार? पण सूनबाईने तो आकडा कागदावर उतरवून आणला होता. गेल्या वर्षी ती याच वर्गात बसत होती. यंत्रावरचे इंग्रजी आकडे तिने जसेच्या तसे काढले होते. आकडा हाती आहे, तर त्याचा अर्थ विचारू, असे मी म्हटले. गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीकडे आम्ही गेलो. त्याने समजावले ते असे.

इंजिनाला पेट्रोल लागते, तशी हवाही लागते. हवेच्या वाटेवर एक गोल झडप असते. ती थ्रॉटल. पाय दाबला की झडप उघडते. ती किती उघडली, हे गाडीतल्या संगणकाला कळवणारा निरोप्या म्हणजे सेन्सर. संगणक त्याला ५ व्होल्ट वीज देतो. तो त्यातली थोडी परत पाठवतो. झडप मिटलेली असली तर साधारण अर्धा व्होल्ट, पुरी उघडली तर साडेचारच्या आसपास. ०१२२ म्हणजे परत येणारी वीज फार कमी. ०१२३ म्हणजे फार जास्त. निरोप नीट येईना, तर संगणक इंजिनाचा जोर मुद्दाम आवरून धरतो. गाडी बेफाम सुटू नये म्हणून! चढावर गाडी का अडे, ते आता कळले ना?

पण वीज कमी का आली? सेन्सर बिघडला असेल. तार तुटली असेल. जोडणीत पाणी जाऊन गंज धरला असेल. आकडा एवढेच सांगतो, की निरोप पोचला नाही. निरोप्या मेला की वाट तुटली, ते माणसाने पाहायचे.

मिस्त्रीने मीटर लावला. सेन्सरपाशी परतीची वीज ठीक होती. संगणकाच्या टोकाला काही नाही. मग त्याने तार चाचपत नेली. इंजिनाच्या मागे भाताच्या काड्यांचे घरटे! उंदरांनी तार कुरतडली होती. त्याने तार जोडली, डाग दिला, वर नळी चढवली. यंत्राने आकडा पुसला आणि आमच्यासमोर गाडी चढावर नेऊन आणली. दिवा पुन्हा लागला नाही. चारशे रुपये घेतले.

आमचे एक शेजारी आधीच सांगत होते, "बॅटरीची वायर काढा, दिवा विझेल." विझलाही असता. पण आकडा पुसला गेला असता आणि तार तुटलेली तशीच राहिली असती. आकडा आधी लिहून घ्या, मग पुसा. कधी सेन्सर खरोखरच गेलेला असतो. तेव्हा पैसे द्यावेच लागतात. मात्र देण्यापूर्वी विचारा, "तार पाहिली का? मीटर लावला का?" विचारायला लाज कसली?

पहिल्या मिस्त्रीला मी लबाड म्हणणार नाही. घाईत असेल बिचारा.

सूनबाईच्या कानातली पुन्हा कानात आहेत. पुतण्या रात्री गाडीजवळ पिंजरा लावतो. परवा त्यात दोन उंदीर सापडले.