कोर्स पूर्ण, त्रिकोण अपूर्ण

आज माझीच एक फजिती सांगतो. दर शनिवारी मी गावातल्या आठवीच्या मुलांना कोडिंग शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, तर स्क्रॅचचा ऑनलाइन कोर्स लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. स्क्रॅच 2007 साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधून आलं. रंगीत ठोकळे जोडले की पडद्यावरचं मांजर चालतं. महिन्याभरात सगळ्यांचा कोर्स पूर्ण! सर्टिफिकेटं छापली, फोटोही काढले.

मग एका शनिवारी नेट गेलं. स्क्रॅचचं ॲप ऑफलाइन चालतं, म्हणून म्हटलं, त्रिकोण काढा बघू. कोर्समध्ये चौकोन होता: 100 पावलं चाला, 90 अंश वळा, असं 4 वेळा. पोरांनी 4 चे 3 केले आणि 90 चे 60. समभुज त्रिकोणाचा कोन 60 चाच असतो ना! पण रेघा काही जुळेनात. खरं सांगू? मलाही पटकन कळेना.

शेवटी एक मुलगी उठली आणि फरशीवर स्वतःच त्रिकोण चालायला लागली. कोपऱ्यावर थांबली, वळली. "सर, मी तर 60 पेक्षा किती जास्त वळले!" बरोबर. मांजर वळतं ते बाहेरच्या कोनातून. 180 वजा 60, म्हणजे 120.

आता मी व्हिडिओ मध्येच थांबवतो. पुढे काय होईल ते आधी वहीत लिहायचं, मगच बघायचं. कोर्स रखडलाय, पालक विचारतात, पुढचं सर्टिफिकेट कधी? गेल्या शनिवारी पोरांनी पंचकोन काढला. 72 अंश. मी सांगितलं नव्हतं.