कार्यक्रम कुठे घ्यायचा?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



समितीने मला विषय दिला तो असा : लग्न, नामकरण, जयंती असे कार्यक्रम विहारात घ्यावेत की बाहेर? दरवेळी यावरून आपल्यात वाद होतो. विषय साधा वाटतो. पण जागेवरून आपल्या लोकांनी काय काय सोसले, ते आठवले म्हणजे तो साधा राहत नाही.

1927 सालचे महाड बघा. मार्च महिन्यात परिषद भरली. तिथे अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते, म्हणून संयोजकांना 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे 40 रुपये! याच परिषदेतून 20 मार्चला बाबासाहेब लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. पुढे 25 डिसेंबरला दुसरी परिषद ठरली, तेव्हा तर मांडवाला जागाच कोणी देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. तिथेच मनुस्मृतीचे दहन झाले. जागा देणाऱ्याचे नाव इतिहासात राहते ते असे.

आता 1956 चे नागपूर. धम्मदीक्षेसाठी नागपूरच का, असे तेव्हाही लोक विचारत होते. कोणी म्हणाले, तिथे संघाचे ठाणे आहे, त्यांना खिजवायला ही जागा निवडली. 15 ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी याचा खुलासा केला. ते कारण त्यांनी साफ नाकारले. नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, त्यांची ही भूमी, म्हणून नागपूर, असे त्यांनी सांगितले. म्हणजे कोणाला डिवचायला नव्हे, तर आपले नाते सांगायला ती जागा निवडली. आणि मैदान कोणते घेतले? श्रद्धानंद पेठेजवळची व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटची मोकळी जागा, सुमारे 14 एकरांची. आदल्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला तिथेच पांढऱ्या वस्त्रांत लाखो लोक मावले. नाते पाहिले, तशी जागेची लांबी-रुंदीही पाहिली. दोन्ही पाहावे लागते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. मुलीच्या लग्नाला मी एक कार्यालय ठरवले. इसारही दिला. पत्रिका द्यायला गेलो. वरचे भगवान बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो पाहून तिथला माणूस म्हणाला, "लग्न लावा, पण स्टेजवर फोटो मांडू नका. बाकीच्या गिऱ्हाइकांना चालत नाही." मी इसार परत मागितला. निम्माच मिळाला. लग्न आपल्या विहाराच्या अंगणात लावले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, मंगल कामना झाली. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आले.

पण बांधवांनो, दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वैशाखाचे ऊन होते. अंगणात जेमतेम दोनशे माणूस बसले. बाकीचे रस्त्यावर उभे. दुपारी रांजण आटले. आयाबायांना आडोसा नाही. माझी मावशी सत्तरीची, ती सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. संध्याकाळी विचारले तर म्हणाली, "जायाचं कुठं, लेकरा?" स्वाभिमान राखला म्हणून मी छाती पुढे काढून फिरत होतो, अन् माझी मावशी तहानलेली बसली होती. त्या दिवशी मला कळले, आपली जागा असणे पुरेसे नाही, ती आपल्या माणसांना पुरलीही पाहिजे.

म्हणून जागा ठरवताना चार गोष्टी विचारा. एक, तिथे बुद्ध-बाबासाहेबांची प्रतिमा मानाने ठेवता येते का? इसार देण्याआधी विचारा, पावतीवर लिहून घ्या. दोन, पाणी, सावली आणि बायांसाठी संडास आहे का? तीन, मन्याड खोऱ्यातल्या खेड्यांवरून येणाऱ्यांना शेवटची एसटी गाठता येईल का? चार, भाड्यासाठी कर्ज काढावे लागते का? कर्ज काढून घेतलेला हॉल एका रात्रीत रिकामा होतो, व्याज मात्र सालभर घरात राहते.

माझे मत विचाराल तर नामकरण, पुण्यानुमोदन आणि लहान लग्न विहारातच व्हावे. जयंतीसारख्या गर्दीच्या कार्यक्रमाला मोकळे मैदान घ्यावे, तेही ऊन उतरल्यावर. कोणी बाहेर कार्यालय घेतले तर त्याला नावे ठेवू नयेत.

आणि समितीला एक विनंती. रंगरंगोटी पुढच्या साली करू. या साली अंगणावर पत्र्याचे शेड, पाण्याची एक टाकी आणि बायांसाठी दोन संडास एवढे करू. ज्याच्या घरी कार्य, त्याने ऐपतीप्रमाणे दान द्यावे. ज्याची ऐपत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नये, आणि तारीख मात्र त्याला आधी द्यावी. माझ्याकडून पहिले पाच पत्रे मी आजच लिहून देतो.

महाडला आपल्याला पाणी विकत घ्यावे लागले, जागा दुसऱ्याने दिली. आज जागा आपली आहे. तिथे आपली म्हातारी माणसे तहानलेली बसू नयेत, एवढे तरी आपण करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!