मामींचा फिल्टर

आमच्या कोकणात चहाला नाही म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर रुसलेला. कॉफी मात्र पाहुणी. माझ्या लहानपणी रोह्याच्या घरी ती व्हायची कुणी पाहुणं आलं तर, किंवा कुणाला सर्दी झाली तर. अम्मी दुधात साखर, कॉफीची पूड आणि जायफळ घालून उकळायची आणि चहाच्याच गाळणीने गाळायची. कपाच्या तळाशी गाळ उरायचा. तो सोडून उठायचं, एवढंच आमचं कॉफीचं ज्ञान.

फिल्टर पहिल्यांदा पाहिला तो शेजारी. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेलं एक तमिळ कुटुंब आमच्या आळीत राहायचं. त्यांच्याकडे पितळेची दोन भांडी एकावर एक बसवलेली असत. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. त्यात पूड घालून चकतीने हलकेच दाबायची, गरम पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून वाट पाहायची. थेंबथेंब करत खाली दाट अर्क जमायचा. मामी अम्मीला म्हणायच्या, "ही कॉफी तुमच्याच बाबांनी आणली." म्हणजे बाबा बुदन. त्यांनी येमेनच्या मोखाहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे.

बदली झाली तेव्हा मामी तो फिल्टर अम्मीला देऊन गेल्या. अम्मीनंतर तो माझ्याबरोबर पेणला आला. वापरता वापरता त्याचा स्वभाव कळला. पूड फार बारीक असली तर भोकं बुजतात, फार जाड असली तर पाणी धावत खाली जातं आणि कॉफी पाणचट होते. चिकोरी असली की थेंब सावकाश पडतात, अर्क दाट होतो. दूध घालून पिणाऱ्याला हाच फिल्टर बरा.

मग एकदा माझ्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टर साखरेचं विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "कॉफी गाळता कशाने?" कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. न गाळता उकळलेल्या कॉफीत तो भरपूर असतो. धातूच्या भोकांतून तो खाली उतरतो, कागद मात्र त्याला अडवतो. हा कागद शोधला एका गृहिणीने. 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद भोकं पाडलेल्या भांड्यात घातला, आणि गाळाशिवाय कॉफी मिळाली.

पेणच्या बाजारात मी फिल्टर मागितला, तर दुकानदाराने चहाच्या चार गाळण्या पुढे ठेवल्या! शेवटी मुंबईहून भाच्याने कागद आणले. कागद नसेल तर दाट विणीचं सुती फडकंही चालतं. फक्त ते रोज साबणाशिवाय उकळत्या पाण्यात धुवावं, नाहीतर तेलाचा खवट वास धरतो.

तेव्हा फिल्टर घेताना दुकानातली चकाकी पाहू नका. पिणारा कोण, दूध घालणार की नाही, तब्येत काय म्हणते, हे आधी पाहा.

भाचा म्हणाला, "मामू, आता तो पितळेचा ठेवून द्या कपाटात." मी ठेवला नाही. रोज सकाळी माझी कॉफी कागदातून उतरते. ईदच्या दिवशी मात्र मामींचा फिल्टर घासूनपुसून पाहुण्यांसाठी निघतो. त्यातला पहिला कप मी घेतो. अर्धाच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)