शाळेच्या बागेतील नवे तळे



शाळेच्या बागेत सिमेंटचे नवे तळे बांधावे, आणि पंधरवड्यात त्यातील पाणी हिरवे व्हावे, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी कोणी मोरचूद टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. मोरचुदाने शेवाळ मरते खरे; परंतु ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, आणि तांब्याच्या विषाने मासे व गोगलगायीही दगावतात. मुलांनी हौसेने सोडलेले मासे सकाळी मरून तरंगताना दिसावेत, हा कसला निसर्गपाठ?

नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. म्हणून मासे सोडण्यापूर्वी तळे दोनतीनदा भरून, काही दिवसांनी उपसावे. जास्वंदीच्या फुलाने रंगविलेला कागद पाण्यात गडद हिरवा झाला, तर चुना अजून सुटत आहे, हे मुलांना दाखवावे.

माशांच्या विष्ठेतून अमोनिया निर्माण होतो. त्याचे प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवावेत, अन्न चिमूटभरच घालावे. नायट्रेट आणि ऊन यांवर शेवाळ पोसते. म्हणून कमळाच्या पानांनी निम्मे पाणी झाकू द्यावे. तंतुमय शेवाळ काठीला गुंडाळून काढावे व खतखड्ड्यात टाकावे.

दोरीला बांधलेली पांढरी बशी किती खोलवर दिसते, हे मुलांनी दर शनिवारी नोंदवावे. पाणी निवळत जाईल, तसा आकडा वाढेल, आणि धीराचे फळ मुलांना स्वतः मोजता येईल.